पहिल्या घाण्याचं चाक

लिंबू हे आमच्या धंद्यातलं हत्यार होतं, असं मी सांगते तेव्हा माणसं आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहतात. माझ्या जेवणाच्या डब्यात रोज दोन लिंबं असायची. एक कालवणावर पिळायला आणि दुसरं मोटारींच्या चाकांवर. आमच्या यार्डातल्या बायका चिडवायच्या, "शकुबाई, नवऱ्याला भाजीत लिंबू मिळंना आनि चाकांचे लाड बघा." नवरा गरीब होता माझा, त्यानं कधी तक्रार केली नाही.

नगरजवळ नागापूर एमआयडीसीत अॅल्युमिनियमची एक फाउंड्री होती, तिथं मी नोकरीला होते. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. भंगार घ्यायचं, भट्टीत वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि विहिरीवरच्या पंपांची कव्हरं बनवायची. भट्टीशी माझा संबंध नव्हता. भट्टीत जाण्याआधी भंगार निवडावं लागतं, त्या निवडणाऱ्या बायकांची मी मुकादम. सुपात जोंधळे घेऊन खडे काढतात तेच हे काम, फक्त इथला खडा पाच-दहा किलोचा. लोखंड वेगळं, पितळ वेगळं, रबर वेगळं. बंद डबा दिसला की हलवून बघायचा. आत पाणी असेल आणि तो तसाच उकळत्या धातूत पडला, तर सुतळी बाँबही लाजेल असा उडतो. हे सगळं उन्हात, पत्र्याच्या कुंपणाशी बसून. आमच्या कामाला कुणी कारागिरी म्हणालं नाही. आम्हीही कधी म्हटलं नाही, पण मनातून माहीत होतं.

नव्वदनंतर परदेशी भंगार यायला लागलं. मुंबईच्या बंदरातून कंटेनर यायचा, त्याचं दार उघडलं की आतून खारट, तेलकट वास यायचा. त्यात जपानी गाड्यांची चाकं असायची. आपल्याकडे तेव्हा जीप असो की टॅक्सी, चाक लोखंडाचंच. जपानी लोकांनी मात्र हलक्या धातूची चाकं ओतून काढली होती. कुणाला फुलासारख्या पाकळ्या, कुणाला जाळी, कुणाच्या कडेनं बारीक बोल्टांची ओळ. पहिलं चाक हातात आलं तेव्हा मी ते मांडीवर घेऊन बसले. इतकं देखणं ओतकाम चिखलात लोळणाऱ्या वस्तूला कुणी कशासाठी करावं, असं मला वाटलं.

पुढं ओळखायला शिकले. चाक आधी उपडं करायचं, कारण समोरून सगळीच नटतात, खरं काय ते मागं लिहिलेलं असतं. मागं जे, डब्ल्यू, एल अशी तीन अक्षरं उठावात असली तर ते जपानचं आणि सत्तर-पंचाहत्तरच्या नंतरचं. तीन अक्षरं नाहीत, पण जपानी लिपी आहे, तर ते त्याहून जुनं, म्हणजे दुर्मिळ. मग बोल्टची भोकं मोजायची आणि समोरासमोरच्या भोकांतलं अंतर बघायचं. त्यासाठी मी पत्र्याच्या चकत्या कापून ठेवल्या होत्या. चकती बसली की गाडी लहान की मोठी ते कळायचं. बोटाच्या पेरानं ठोकलं की आवाज यायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं फुटक्या माठासारखं. हे मला एकदम समजलं नाही. पुण्याचे एक गृहस्थ जुनी जपानी चाकं जमवायचे, ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. पांढऱ्या पँटीवर चिखलात गुडघे टेकायचे. त्यांनी पुष्कळ सांगितलं, आणि पुष्कळ मी त्यांना हाताखालून जाणाऱ्या मालातून दाखवलं.

लिंबाचं कारण मात्र भयंकर आहे.

काही चाकं अॅल्युमिनियमची नसतात, मॅग्नेशियमची असतात. शर्यतीच्या गाड्यांना ती बसवत. दिसायला तीच, रंगानं तीच, उचलली तर हलकी लागतात, पण दिवसभर वजनं उचलून हात बधिर झाला की तेवढा फरक कळत नाही. असं एक चाक तुकडे होऊन आमच्या भट्टीत गेलं. नामदेव भट्टीवाला फावड्यानं धातू ढवळत होता. तो जेऊरचा, कामात देवमाणूस. तुकडे बुडेनात, वर तरंगले आणि पेटले. ती आग पिवळी नसते हो, पांढरी असते. दुपारच्या उन्हात आम्हाला यार्डात आमच्याच सावल्या दिसल्या. कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला नामदेवनं लाथ घालून मागं पाडलं, म्हणून आम्ही सगळे वाचलो. कोरडी वाळू टाकून टाकून त्यानं ती आग दाबली. त्याच्या भुवया गेल्या आणि डाव्या गालावर कातडं ताणल्यासारखा डाग कायमचा राहिला.

त्यानंतर शेठच्या ओळखीच्या एका केमिस्टनं सांगितलं की चाक कानशीनं जरा खरवडा आणि उघड्या धातूवर व्हिनेगर टाका. मॅग्नेशियम असेल तर फसफसेल. व्हिनेगर कुणाच्या घरात होतं? लिंबू होतं. लिंबूही तेच काम करतं. फसफसलं की चाक बाजूला, गप्प राहिलं की चांगलं. लिंबाची परीक्षा झाली की मी चाक साबण आणि राखेनं धुऊन ठेवायची. नामदेवनं नियमच केला, बाईनं धुतलेलं असेल तरच चाक भट्टीत घ्यायचं. "बाईनं धुतलं ना, मंग डोळं झाकून टाकतो मी," असं तो सगळ्यांना सांगायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तो अभिमान पुढं कुठं जाऊन पोचणार होता ते तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

दुर्मिळ चाकं मी कंप्रेसरच्या शेडमध्ये भिंतीला लावून ठेवायची. शेठ हसायचे, "शकुबाईंचं म्युझियम" म्हणायचे, पण मोडू नका एवढं मात्र त्यांनी घणवाल्यांना बजावलं होतं. कारण बाकीची चाकं आम्ही मोडायचो. अख्खं चाक भट्टीत जागा खातं, म्हणून घणाचे घाव घालून तुकडे करायचे. म्युझियमला गिऱ्हाइकं अजब यायची. एका ढाबेवाल्याला भिंतीवर टांगायला चाक हवं होतं. एका वकिलांनी एकच चाक मागितलं. गाडी कोणती, असं विचारलं तर म्हणाले, वर काच टाकून चहाचं टेबल करायचंय. मी त्यांना तडकलेलं दिलं. चहाला घंटेचा आवाज कशाला लागतो?

अख्खं चाक भट्टीत जायचं ते वर्षातून एकदाच. दसऱ्याला भट्टीची पूजा व्हायची, झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, आणि मग वर्षातला पहिला घाणा, म्हणजे एका वेळी वितळवायचा माल, लागायचा. त्या घाण्यात पहिली वस्तू पडायची ती स्वच्छ आणि न मोडलेली, असा रिवाज होता. देवाला फुटका नारळ चढवत नाहीत तसं काहीसं. ती वस्तू निवडून, धुऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं. गंमत अशी की पूजेला मी कधीच नसायची. आम्ही बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि नागपूरची वारी हे घरात ठरलेलं. म्हणून मी चाक आदल्या दिवशी धुऊन भट्टीच्या तोंडाशी ठेवायची आणि गाडी पकडायची. हळदकुंकू नामदेव लावायचा. धुणं माझं, पूजा त्याची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता आबांचं सांगते. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

एक दिवस वॉचमननं हाक मारली की पोत्यात काहीतरी घेऊन एक म्हातारा आलाय, हलायला तयार नाही. धोतर, टोपी, खांद्यावर पोतं. पारनेरकडून एसटीनं आले होते. राळेगणच्या अलीकडं त्यांचं गाव. पोत्यातून त्यांनी घोंगडीत गुंडाळलेलं चाक काढलं, एखादं तान्हं पोर काढावं तसं.

"बाई, ह्याच्या जोडीचं हाय का तुमच्याकं?"

मी चाक उपडं केलं. तीन अक्षरं नव्हती. जपानी लिपी होती. समोरून आठ पाती, आणि प्रत्येक पात्याच्या बुडाशी वाटाण्याएवढी खळी. इतकी चाकं हाताखालून गेली होती, पण असं एकही मी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांनी एकदा सांगितलं होतं की आठ पात्यांचं एक जुनं चाक आहे म्हणतात, ते मिळत नाही. ते आता एका शेतकऱ्याच्या घोंगडीत होतं.

"हे तुमच्याकडे कसं, आबा?"

"हाय खरं," एवढंच म्हणाले. "आसली तीन हायेत. चौथं पायजे."

मी म्हटलं, आलं तर ठेवीन. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी आबा यायला लागले. कंटेनर आलेला असो की नसो. आमच्यात बसायचे आणि बसल्या बसल्या भंगार निवडायला लागायचे. लोखंड कोणतं, पितळ कोणतं, त्यांना लवकर कळायला लागलं. बायका म्हणायच्या, "आबा, तुमची बी हजेरी लावू का?" आबा हसायचे, पण त्यांचं लक्ष ढिगात असायचं. चाक दिसलं की उठून जायचे, उपडं करायचे, परत येऊन बसायचे.

एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

"पोरगं माझं नगरला ग्यारेजात हुतं. दत्ता. मुंबईच्या कुन्या सायबाची जपानी गाडी बंद पडली, तिथंच टाकून गेला सायब, परत आलाच न्हाई. मालक म्हनला, दत्ता, ने तुला पायजे तर. ट्रॅक्टरच्या मागं बांधून आनली घरी. म्हशी भाईर आन गाडी गोठ्यात! माझं टाळकं फिरलं. म्हनलं, लगीन झालं, बायकू आली, आन ह्ये भंगार कशाला घरात? त्यो आपला हसायचा. रोज राती येऊन तिला पुसायचा. येक चाक काढून भिताडाला टेकावलं हुतं घासाया. दुपारचं मी येकलाच घरी. भंगारवाला आला दारात. दिलं त्याला उचलून. दोन बादल्या घेतल्या, पलास्टिकच्या."

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"पोरगं काय बोललं न्हाई, बाई. मला शिव्या दिल्या आस्त्या तरी चाललं आसतं. तवापसनं त्यो चाक धुंडत फिरला. भंगाराचं दुकान सोडलं न्हाई. शिरूरला कुनीतरी सांगितलं, आसलं चाक पाह्यलंय म्हनून. फटफटीवर गेल्ता. येताना सुप्यापाशी ट्रकनं उडावला." मग म्हणाले, "ती गाडी चालू व्हावी आसं माजं काय न्हाई. चालवनार कोन? निस्ती चार चाकांवर उभी ऱ्हायली पायजे. येका कोपऱ्यात दगडं लावल्यात तिला. सकाळी उठलं की ती दगडं दिसत्यात."

त्या दिवशी मी घरी गेले आणि स्वयंपाक न करताच बसून राहिले.

मी शोधायला लागले ते मग मनापासून. पुण्याच्या गृहस्थांना सांगितलं. कुर्ल्याहून माल भरणाऱ्या ड्रायव्हरांना पुठ्ठ्यावर पाती काढून दाखवली. कंटेनर आला की आधी आत मीच चढायची. किती बाजार गेले कोण जाणे. आबांच्या पोत्याला ठिगळं पडली.

आणि एका कंटेनरच्या तळाशी, रेडिएटरच्या गठ्ठ्याखाली, ते निघालं. तेलानं काळं झालं होतं. अंगठ्यानं पुसलं तर खळी लागली. मी तिथंच, त्या खारट अंधारात, मोठ्यानं ओरडले. बायकांना वाटलं साप निघाला.

पारनेरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. आबा आले ते पोतं घेऊनच. त्यांनी आपलं चाक काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि एकेका खळीत बोट घालून बघितलं, आधी यातल्या, मग त्यातल्या. मग हात पुढं केला. मी लिंबू दिलं. त्यांनी स्वतः कानशीनं मागची बाजू खरवडली, लिंबू पिळलं आणि कान चाकाला लावला.

"गप हाय," म्हणाले, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. मलाही आवरलं नाही.

मी म्हटलं, आबा, घेऊन जा आजच. तर म्हणाले, "न्हाई बाई. पितरपाख हाय. पितरपाखात नवी वस्तू घरात आनत न्हाईत. त्यात ही दत्ताची. दसऱ्याला येतो, सोनं म्हनून नेतो. तवर तुमच्याकं ऱ्हाऊ द्या." मी आग्रह केला नाही. ज्या हातांनी चाक घराबाहेर गेलं त्याच हातांनी त्याच्या जोडीचं चांगल्या दिवशी घरात यावं, यात मला काही चुकीचं दिसलं नाही. दसऱ्याला मी नसेन, पण वॉचमनला सांगून ठेवते, असं म्हटलं. "धुऊन ठेवते स्वच्छ," असंही म्हटलं.

खंडेनवमीला मी दोन चाकं धुतली. एक साधं, पाच पाकळ्यांचं, भट्टीसाठी. ते भट्टीच्या तोंडाशी ठेवलं. दुसरं आठ पात्यांचं. राख लावून, चिंचेनं घासून ते चांदीसारखं केलं आणि शेडच्या दाराशी पोत्यावर ठेवलं. वॉचमनला सांगितलं, पारनेरचे आबा येतील, त्यांना द्या. आणि नागपूरच्या गाडीला गेले.

संध्याकाळी पूजेसाठी सगळं यार्ड पाण्यानं धुतात. पाणी मारणाऱ्यांनी चाक भिजू नये म्हणून ते पोत्यावरून उचललं आणि कोरड्या जागी नेऊन ठेवलं. कारखान्यात त्या वेळी कोरडी जागा एकच, भट्टीचा ओटा. सकाळी नामदेव आंघोळ करून आला तर ओट्यावर बाईनं धुतलेली दोन चाकं. एक बरं आणि एक असं, की त्यानंही जन्मात पाहिलं नव्हतं. भट्टी सोडून तो यार्डात फारसा येत नसे, आबांच्या चाकाचं त्याला काही माहीत नव्हतं. पहिल्या घाण्याला यातलं कोणतं घालायचं, हे त्याला कुणाला विचारावंसंच वाटलं नाही.

मी परत आले तेव्हा नामदेव गेटबाहेर दगडावर बसला होता. त्याची पाळी नव्हती. मला बघून उभा राहिला.

"बाई, माज्या हातनं पाप झालं."

"काय झालं?"

"तुमी दोन ठिवली हुती. मला वाटलं, औंदा बाईंनी देवासाठी लई भारी निवडलं. हळदकुकू लावलं, हार घातला, पाया पडलो आन सोडलं. दुपारी म्हातारा आला. नवं धोतर, हातात आपट्याची पानं. म्हनला, बाईंनी चाक ठिवलंय. मी म्हनलं, कोन्तं चाक?" नामदेवच्या गालावरचा तो डाग लालभडक झाला होता. "तवा समजलं मला."

"आबा काय म्हणाले?"

"काय न्हाई. भट्टीकडं बगत उभा ऱ्हायला. मंग मला सोनं दिलं, पानं. आन गेला."

मला संताप आला आणि तो टाकायला जागा सापडेना. नामदेवनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. पाणी मारणाऱ्यांनी चाक जपलं होतं. आबांनी पितर जपले होते. सगळ्यांनी आपापलं चांगलंच केलं होतं आणि चाक गेलं होतं. मी शेडमध्ये जाऊन ते रिकामं पोतं घडी करून ठेवलं आणि तिथंच रडले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आबांच्या गावी गेले. गोठ्यात गाडी होती, फिकट निळी, लखलखीत पुसलेली. तीन चाकं, आणि पुढच्या एका कोपऱ्याला चार दगडं रचलेली. दाराशी दोन प्लास्टिकच्या बादल्या, एकीला तारेनं शिवलेलं. आबांची सून मंदा, दत्ताची बायको, तिनं पाणी आणलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. काही बोलायची वेळच आबांनी येऊ दिली नाही. मी ओसरीवर टेकताच त्यांनी विचारलं,

"बाई, मोडलं हुतं का त्याला? घण घातला का?"

"नाही आबा. पहिल्या घाण्याला अख्खं चाक जातं. मोडत नाहीत. हार घालून सोडलं नामदेवनं."

"आख्खं गेलं."

"हो."

ते मान हलवत राहिले. "आन मंग काय व्हतं त्याचं?"

"पंपाची कव्हरं ओततात."

"मंजी कुनाच्या तरी हिरीवर आसंल."

"असेल आबा."

मंदा आत निघून गेली. आबा उठले, एक बादली उचलली, फडकं पिळलं आणि गाडीच्या त्या दगडांवरची धूळ पुसायला लागले. मला म्हणाले, "नामदेवला म्हनावं, मनाला लावून घिऊ नगंस. आन तुमी आता नगा धुंडू."

मी धुंडत राहिले. पण आठ पात्यांचं चाक पुन्हा आलं नाही. आबाही यार्डात परत आले नाहीत. थंडीत कंडक्टरबरोबर हुरडा यायचा, कधी मेथीची जुडी. त्यातला अर्धा हुरडा मी नामदेवला द्यायची. तो घ्यायचा आणि भट्टीकडे जायचा. आमच्या दोघांत ते चाक कायमचं येऊन बसलं होतं. तो माझ्याशी बोलायचा, हसायचा, पण "डोळं झाकून टाकतो" हे वाक्य त्यानं पुन्हा कधी उच्चारलं नाही. चाक घेताना प्रत्येक वेळी विचारायचा, "बाई, ह्येच ना?"

नंतर, माझी नोकरीची शेवटची वर्षं असताना, भादवा संपत आला होता तेव्हा सुप्याकडचा एक भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याचा माल नेहमीचाच, पत्रा, पातेली, सायकली. वर घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं. घोंगडी मी ओळखली. उघडायची गरज नव्हती, पण उघडली. तीन चाकं होती. पुसलेली.

"कुठून आणलं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"म्हातारा वारला वो, बाई, आखाडात. गाडीचा पत्रा दुसऱ्यानं नेला. ही चाकं मी मागितली तं सून म्हनली, ही दुसऱ्या कुनाला द्यायची न्हाईत. नागापूरला शकुबाई म्हनून हायत, तिथंच घाला. म्हाताऱ्यानं सांगून ठिवलंय." तो जरा थांबला, कारण पुढचं त्याला नीट कळलं नव्हतं, नुसतं पाठ केलेलं होतं. "म्हनला हुता, चौथं तिथंच गेलंय, ही बी तिथंच जाऊ द्या. मोडू नगा म्हनावं."

पुण्याच्या गृहस्थांना कळलं असतं तर ते अनवाणी धावत आले असते. मी त्यांना कळवलं नाही. चाकं शेडमध्ये त्या घडी केलेल्या पोत्यावर ठेवली आणि दसऱ्याची वाट बघितली.

आदल्या दिवशी तिन्ही धुतली. लिंबूही लावलं, सवयीनं. तिन्ही गप्प राहिली. त्या वर्षी मी नागपूरला गेले नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा पूजेला उभी राहिले. हात जोडले नाहीत, नुसती उभी राहिले. नामदेवनं तिन्ही चाकांना हळदकुंकू लावलं, एकेकाला वेगळा हार घातला. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, ह्येच ना?"

"हेच," मी म्हटलं.

त्यानं एक एक करून सोडली. चाक धातूत पडलं की लगेच दिसेनासं होत नाही. थोडा वेळ पाती तशीच राहतात, मग कडा मऊ पडतात आणि ते खाली बसत जातं. तिसरं पूर्ण बसेपर्यंत आम्ही दोघं तोंडावर धग घेत उभे होतो. नामदेवनं खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, फावडं भिंतीला टेकवलं.

"बाई," तो म्हणाला, "चार झाली."